लागलं

१४ सप्टेंबर
कागदाच्या गोदामासमोर, रांगेत

ताई,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी बहुतेक खिडकीबाहेर होतो. म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हटलं कागदावर लिहावं आणि मुकादमाच्या खिडकीत ठेवावं, तुझी गाडी तिथे वळतेच. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

मी मजेत आहे. खरंच. हा डबा, म्हणजे ही बंद गाडी, सुख आहे, ताई. आपण उगाच उघड्या गाडीवर हाडं मोडून घेत होतो. इथे काय करायचं, तर मागचं दार गोदामाच्या धक्क्याला लावायचं आणि केबिनमध्ये पाय वर करून बसायचं. आतली माणसं माल भरतात, दार लावतात, सील ठोकतात, हातात कागद देतात, निघा. पट्टे नाहीत, साखळ्या नाहीत, ताडपत्री ओढताना वाऱ्याशी कुस्ती नाही. पाऊस आला की काच वर करायची, बास. परवा कागदावर मालाचं नाव लिहिलं होतं 'किरकोळ'. दिवसभर मी किरकोळ घेऊन हिंडलो. उतरवून घेणाऱ्याला विचारलं, काय आहे हो आत? तो म्हणाला, कागदावर लिहिलंय की.

एकच झालं. उतारावर ब्रेक मारला आणि मागे काहीतरी गडगडलं. सवयीने गाडी कडेला घेतली, उतरून मागे गेलो आणि दाराकडे बघत उभा राहिलो. सील आपण तोडायचं नसतं. मग दाराला कान लावला. काय ऐकणार होतो कोण जाणे. तेवढ्यात एक माणूस सायकलवर कपाटाचा अख्खा आरसा घेऊन चालला होता, त्यात माझा डबा दिसला आणि डब्याला कान लावलेला मी दिसलो. डॉक्टरसारखा. हसू आलं मला. उघड्या गाडीवर असतो तर गडगडलेलं काय ते दिसलं असतं, पाचर ठोकली असती, निघालो असतो.

पण ते जाऊ दे. डावा हात बरा आहे. गिअर पडतो.

तुझा खांदा कसा आहे? एकटी ताडपत्री ओढू नकोस. असं आई म्हणते. मी पण म्हणतो.

तुझा
भिरभिऱ्या


९ ऑक्टोबर
चहाच्या टपरीवर, टेबल डुगडुगतंय म्हणून अक्षर असं

ताई,

उत्तर नाही. बरं. मुकादम म्हणाला, पत्र तू नेलंस. खिशात घातलंस की पर्समध्ये, असं विचारलं तर तो म्हणाला, "मी काय तिचा खिसा बघत बसू?"

इकडे सगळे मला आपापल्या गाडीवर ओढतायत. मी लग्नाचा मुलगा असल्यासारखं चाललंय. थंड गाडी चालवणारे एक काका आहेत, त्यांना सगळे स्वेटरकाका म्हणतात, कारण भर उन्हातसुद्धा अंगात स्वेटर. ते म्हणाले, "माझ्याकडे ये. माल म्हणजे तापातलं पोर समजायचं. सारखा आकडा बघायचा. वर गेला की आपल्याला घाम, खाली गेला की आपल्याला थंडी." मी म्हटलं, काका, माझं लक्ष पाच मिनिटं एका जागी राहत नाही, पोर मरेल तुमचं. तर म्हणाले, "मग टँकरवालीकडे जा."

टँकरवाली म्हणजे एक दणकट बाई, बोलायला कमी. तिने सांगितलं की टँकर अर्धा भरलेला असला की ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, आतलं थांबत नाही. पाठीमागून धक्का देतं. "पोटातलं पाणी हलू द्यायचं नाही," ती म्हणाली, "गाडीच्याही आणि आपल्याही." माझ्या तर चहा पितानाही हलतं.

आणि मग मुकादम आला आणि म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग बाबा काहीतरी. नवीन नियम निघालाय. उघड्या गाडीवर यापुढे दोन माणसं. वर्ष संपेपर्यंत जोडीदार आणला नाही तर तिची गाडी दुसऱ्याला जाणार आणि तिला डबा मिळणार."

मी म्हटलं, "तिला? डबा?"

"का? तुला चालतो, तिला चालणार नाही?"

ताई, मी हसलो, पण मला कसंतरीच झालं. तू आणि डबा! तुला ते लांबलचक पाइप, ती यंत्रं, तो पुलाचा तुळईसारखा तुकडा आपण नेला होता आणि रस्त्यातली पोरं हात करत होती, ते आठवतं? तू म्हणाली होतीस, आपण काय नेतोय ते जगाला दिसलं पाहिजे, नाहीतर नुसता पेट्रोलचा धूर. मी तेव्हा म्हटलं होतं, डिझेलचा. तू डोक्यात टपली मारली होतीस.

तर माझं म्हणणं असं. जोडीदार म्हणून मला घे. मी परत येतो. एवढंच लिहायला हे पत्र काढलं होतं, मधेच स्वेटर कुठून आला कळत नाही.

भिरभिऱ्या


२७ ऑक्टोबर
रस्त्याच्या कडेला, टायर बदलून होईपर्यंत

ताई,

तू उत्तर देत नाहीस ते का, हे मला कळतं. तरी पण कुणीतरी एकदा नीट लिहून काढलं पाहिजे, नाहीतर ते आपल्या दोघांत असंच उभं राहणार. आपण तर त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. सगळा घोळ शब्दाचाच, आणि शब्दच नाही.

सिमेंटचे पाइप होते. तू त्या बाजूला, मी या बाजूला, मधे पाइपांचा डोंगर. नेहमीसारखं. तू ओरडायचीस, "टाकते!" मी म्हणायचो, "टाक!" पट्टा वरून यायचा, मी त्याचा हूक गाडीच्या कडेच्या लोखंडी दांड्यात अडकवायचो. तू विचारायचीस, "लागलं?" मी म्हणायचो, "लागलं!" मग तू तुझ्या बाजूने खटका ओढून पट्टा ताणायचीस. किती पट्टे लावले असतील आपण असे. कधी एकमेकांचं तोंड दिसलं नाही, कधी चुकलं नाही.

लोक म्हणतात पोरगं भिरभिरतं, त्याचं लक्ष नसणार. त्या दिवशी होतं, ताई. आयुष्यात त्या दिवशी माझं लक्ष जागेवर होतं. वाऱ्याने पट्टा फडफडला, हूक उलटा फिरला, करंगळी मधे गेली. आणि माणूस काय ओरडतो अशा वेळी? मी ओरडलो, "लागलं!"

तू ओढलंस.

मी परत ओरडलो, "लागलं, लागलं!"

आणि तू पलीकडून म्हणालीस, "हो रे बाबा, ऐकलं!" आणि परत ओढलंस.

मला तेव्हासुद्धा कळलं होतं की यात तुझं काही नाही. दुसरा कुठलाही शब्द असता तर एक पेर वाचलं असतं. दवाखान्यात तू डॉक्टरला विचारत होतीस, "किती लागलंय?" आणि विचारता विचारता तुझं तोंड असं झालं, जणू जिभेला चटका बसला. त्यानंतर तू तो शब्द बोललेला मी ऐकला नाही. जेवताना मीठ कमी होतं तर म्हणालीस, "मीठ हवं होतं." मीठ लागतं, असं म्हणायचं टाळलंस. माझ्या लक्षात आलं होतं.

मग मुकादमाच्या ऑफिसात सगळे जमले होते. मला वाटलं, हवा हलकी करावी. म्हणून मी म्हणालो, "उद्या मी 'मेलो' म्हणून ओरडलो तर ही म्हणेल, चला, निघू या!" सगळे हसले. स्वेटरकाका तर खुर्चीवरून पडायचे राहिले. तू मुकादमाला म्हणालीस, "याला डबा द्या."

मुकादमाने मला विचारलं, "तुझं काय म्हणणं? बंद की उघडी?"

मला वाटलं तू चिडलीयस. मला पण राग आला. विनोदच होता ना. मी म्हटलं, "ती म्हणते ते."

ताई, तेव्हा नुसतं 'उघडी' म्हटलं असतं तर? तीन अक्षरं. ड्रायव्हर माणसाला आयुष्यात खरं म्हणजे एवढंच निवडायचं असतं, उघडी की बंद, थंड की टँकर, बाकी रस्ता सगळ्यांचा तोच. आणि मी ते तुझ्यावर ढकललं, ते पण रागाने. तू मला घालवत नव्हतीस, लांब ठेवत होतीस. हे कळायला मला डब्याच्या दाराला कान लावावा लागला.

दुसरा शब्द ठरवू. मी विचार केलाय. 'बसला' नको, मी बसलो असं वाटेल. 'झालं' नको, ते तर आई कशालाही म्हणते. 'भोपळा' म्हणू. भोपळा म्हणून कुणी दुखल्यावर ओरडत नाही.

टायर झाला. हवा भरणारा माणूस विचारतोय, कुणाला लिहिताय एवढं?

भिरभिऱ्या


१८ नोव्हेंबर
मुकादमाच्या ऑफिसबाहेरचं बाकडं

ताई,

मी मुकादमाला सांगितलं, माझं नाव तिच्या गाडीवर घाला. तो म्हणाला, "तिने हो म्हटल्याशिवाय नाही."

"तिने काय म्हटलं?"

"काही नाही. तुझं नाव काढलं की पाणी प्यायला जाते. इतकं पाणी पिते ती हल्ली, उंटीण झालीय."

मी विचारलं, दुसरं कुणी घेतेय का? तर तेही नाही. दोघांना परत पाठवलंस म्हणे. एक चांगला तगडा होता. आई फोनवर म्हणाली, "तिचं काय चाललंय मला कळत नाही. तू जवळ आहेस, तू बघ." मी म्हटलं, आई, मी जवळ नाही, मी डब्यात आहे. ती म्हणाली, "वाकडं बोलायला दोघंही सारखेच."

इथले लोक सांगतात, तू एकटीच बांधतेस. पट्टा टाकतेस, मग गाडीला वळसा घालून या बाजूला येतेस, हूक लावतेस, परत वळसा घालून जातेस, खटका ओढतेस, आणि ओढायच्या आधी परत एकदा येऊन बघून जातेस. एका गाडीला अख्खी सकाळ जाते. माल भरणारे ओरडतात. तू ऐकत नाहीस.

पलीकडे कुणी नसताना कुणाला बघायला येतेस गं?

वर्ष संपत आलं. नुसतं हो म्हण. मला सांगू नकोस, मुकादमाला सांग.

भिरभिऱ्या


११ डिसेंबर
लोखंडाच्या आवारातून बाहेर पडल्यावर, पहिल्या झाडाखाली

ताई,

आपण आजच भेटलो, तरी लिहितोय, कारण भेटलो तेव्हा मी जे बोललो त्यातलं अर्धं चुकीचं होतं आणि उरलेलं मी बोललोच नाही.

मी रांगेत होतो. समोर तुझी गाडी दिसली, वर लोखंडी नळ्यांची चळत. मला तुझे फक्त बूट दिसत होते, गाडीखालून, त्या बाजूला. मी डबा तसाच सोडला आणि या बाजूला येऊन उभा राहिलो. वरून पट्टा आला. मी झेलला, हूक अडकवला. तुझे बूट वळसा घालायला निघाले, तर मी म्हटलं, "राहू दे, मी आहे."

बूट थांबले.

"कोण?"

"भोपळा," मी म्हटलं.

हसशील असं वाटलं होतं. तुझे बूट गाडीच्या आणखी जवळ आले. मग अगदी हळू, नळ्यांच्या मधून आल्यासारखं, "लागलं का रे?"

इतक्या दिवसांनी तू तो शब्द बोललीस. आणि मला कळेना तू काय विचारतेयस. हुकाचं की माझं. मी म्हटलं, "लागलं."

तू खटका ओढला नाहीस. तू धावत आलीस. त्या फुटलेल्या सिमेंटवरून, अडखळत, आणि माझा हात उचलून उन्हात धरलास, बोटं एकेक मोजल्यासारखी बघितलीस. तो उजवा हात होता, ताई. मग डावा बघितलास.

मी म्हटलं, "अगं, हुकाचं म्हणालो."

"माहितीय."

"मग आलीस कशाला?"

तू माझा हात सोडलास. म्हणालीस, "दर वेळी येणार. तू भोपळा म्हण, नाहीतर दुधी म्हण. दर पट्ट्याला मी बघायला येणार. असं काम होत नाही."

"होईल. सवय होईल."

"पलीकडचा माणूस दिसत नाही रे. नुसता आवाज येतो. मला आता आवाजावर ओढता येत नाही. तू असलास तरी नाही, दुसरा कुणी असला तरी नाही."

"मग गाडी जाईल ना तुझी."

"जाऊ दे."

"तुला डबा देतील."

"तुला तर आवडतो म्हणे. सुख आहे लिहिलं होतंस."

म्हणजे तू वाचलीस पत्रं. सगळी वाचलीस, आणि पहिल्याच पत्रातलं खोटं तेवढं धरून बसलीस! मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले, कारण माझा डबा रस्ता अडवून उभा होता. तू म्हणालीस, "जा, लोक शिव्या देतायत." आणि मी गेलो. मी नेहमी जातो. कुणी जा म्हटलं की मला बरंच वाटतं, आतून पाय तयारच असतात. आज पहिल्यांदा वाटलं की पाय कुणीतरी बांधून ठेवायला हवे होते, दोन्ही बाजूंनी, खटका ओढून.

जे बोललो नाही ते हे. डब्यात सुख नाही. मला माल दिसायला हवा. मला तू पलीकडे हवीस, दिसली नाहीस तरी चालेल.

भिरभिऱ्या


८ जानेवारी
कागदाचं गोदाम, परत तीच रांग

ताई,

तुझी गाडी एका नवराबायकोला दिली. चांगली आहेत. ती त्याला पट्टा टाकताना "ए शहाण्या!" म्हणते आणि तो "बोला बाईसाहेब!" म्हणतो, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. मी उभा राहून बघत होतो. मुकादम म्हणाला, "तुला हवा तर यांच्यासारखा कुणीतरी जोडीदार बघून देतो, उघडी गाडी आहे एक." म्हणजे या वेळी खरंच मला विचारलं, बंद की उघडी, आणि उत्तर ढकलायला शेजारी कुणी नव्हतं.

मी म्हटलं, बंदच राहू दे.

का, ते मला काल दुपारी कळलं. या गोदामातून निघताना माझ्यामागे तुझा डबा होता. तुला माहीत नव्हतं पुढे मी आहे. सगळे डबे सारखेच. मी आरशात बघत होतो. तू केबिनमध्ये बसली होतीस, हात मांडीवर. तुझे हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते, आईकडे जेवायला बसतानासुद्धा तू काहीतरी आवळत असतेस, डब्याचं झाकण, नळाची तोटी. मी उतरणारच होतो. चहा विचारणार होतो. स्वेटरकाकांची एक गंमत सांगायची होती, ती पण तयार ठेवली होती.

तेवढ्यात गोदामाच्या माणसाने तुझ्या मागच्या दाराला सील ठोकलं आणि ओरडला, "लागलं!"

तू दार उघडून उडीच मारलीस. गाडीच्या बाजूने पळत मागे गेलीस. मला तुझी फक्त पाठ दिसली, आणि मग ती पण नाही. त्याचा आवाज तेवढा आला, "अहो बाई, सील लागलं म्हणतोय, सील!" आणि कुणीतरी हसलं.

तू परत आलीस तेव्हा चालत आलीस. केबिनला हात लावून उभी राहिलीस जरा वेळ. माझ्यासमोरचं फाटक उघडलं होतं. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, आणि मला वाटलं, आत्ता मी समोर येऊन उभा राहिलो तर तू आधी माझे हात बघशील.

म्हणून निघालो. मी उघडीवर गेलो असतो तर दर पट्ट्याला तुझ्या मनात मला लागलं असतं. आणि आज पहिल्यांदा सरळ घरी न जाता परत याच रांगेत येऊन हे लिहितोय, कारण तो सील ठोकणारा तुला नीट सांगणार नाही, आणि कुणीतरी सांगायला हवं.

ताई, कुणाला लागलं नव्हतं.